आधी फाइल विसरते

वजनदार आरोपी म्हातारा झाला, त्याला स्मृतिभ्रंश जडला, की जुन्या अत्याचाराचा खटला जागच्या जागी थांबतो. मग तक्रार करणाऱ्यानं जायचं कुठं? गोव्यातल्या एकाच प्रकरणात अडकलेल्या दोघांची ही हकिगत, आणि तिच्यातून थेट बार्शीटाकळीच्या कोर्टापर्यंत येऊन ठेपणारा प्रश्न.

"बुढ्याले आता काई समजत नाई, जाऊ द्या ना बाप्पा."

हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा माणूस बार्शीटाकळीत सापडायचा नाही. कुणाचा आजा जेवून हात धुतो आणि अर्ध्या तासानं पुन्हा ताट मागतो. कुणी सुनेला बहिणीच्या नावानं हाक मारतो. कुणी अकोल्याला म्हणून निघतो आणि भलत्याच गावी उतरतो, मग पोरं मोटारसायकली काढून शोधत फिरतात. गाव अशा माणसावर रागावत नाही. साठी बुद्धी नाठी म्हणतं आणि सांभाळून घेतं. वऱ्हाडी माणसाचा तो भलेपणा आहे, आणि तो तसाच राहावा.

पण एक कल्पना करून पाहू. हाच बुढा एके काळी तालुक्यातल्या एका वसतिगृहाचा सर्वेसर्वा होता. पुढारी त्याच्या ओसरीवर बसायचे, ठाणेदार त्याला आधी नमस्कार करायचा. आणि आज, पस्तीस वर्षांनी, त्या वसतिगृहात राहिलेली, पन्नाशीकडे झुकलेली एक बाई ठाण्यात येऊन सांगते की तिथं तिच्यावर काय गुदरलं. ऐकणारा मान खाली घालतो आणि म्हणतो, "बुढ्याले आता काई समजत नाई, जाऊ द्या ना बाप्पा." शब्द तेच, पण आता ते म्हाताऱ्याला सांभाळत नाहीत, तक्रारीला दारातून परत पाठवतात.

एक प्रकरण, दोन शेवट

हा पेच आपल्याकडं नवा नाही. मडगावला लागून असलेल्या फातोर्ड्यात फ्रेडी पीट्स नावाचा गृहस्थ 'गुरुकुल' नावाचा अनाथाश्रम चालवायचा. पोरक्या मुलांना आसरा देणारा दयाळू म्हातारा, अशी त्याची ख्याती. एप्रिल १९९१ मध्ये पोलिसांनी त्याला अटक केली, तेव्हा त्याच्याकडं मुलांची दोन हजारांवर अश्लील छायाचित्रं सापडली. आश्रमातली मुलं परदेशी पाहुण्यांच्या हवाली केली जात होती. मुंबईच्या पत्रकार-कार्यकर्त्या शीला बारसे यांनी प्रकरण लावून धरलं, तपास सीबीआयकडं गेला आणि मार्च १९९६ मध्ये मडगावच्या सत्र न्यायालयानं पीट्सला जन्मठेप सुनावली. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. २००५ मध्ये शिक्षा भोगत असतानाच तो मेला. मधल्या काळात, २००३ मध्ये, गोव्यानं मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि वेगळं बाल न्यायालयही आणलं.

याच प्रकरणात रेमंड वार्ली या ब्रिटिश नागरिकावरही आरोप होते. तो भारताबाहेर होता. सीबीआय त्याच्या मागावर राहिली, पण तो हाती लागायला २०१२ साल उजाडलं. थायलंडमधून त्याला ब्रिटनला पाठवण्यात आलं आणि भारताच्या ताब्यात द्यायचं की नाही, याची सुनावणी लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयात सुरू झाली. त्याच्या वकिलांनी सांगितलं, याला डिमेन्शिया आहे. २०१४ मध्ये न्यायालयानं ते मान्य केलं आणि हस्तांतरणाला नकार दिला. त्याच्यावरचे आरोप खरे होते की खोटे, याचा निवाडा त्या सुनावणीत झाला नाही. तो तिथं व्हायचाच नव्हता.

प्रकरण एकच, फातोर्ड्याची मुलं तीच. एकाचा निकाल अटकेनंतर पाच वर्षांत लागला, कारण माणूस ताब्यात होता आणि फाइल कुणीतरी हलती ठेवली. दुसऱ्याच्या बाबतीत तेवीस वर्षं गेली. वार्ली काही मोठा पुढारी नव्हता. पासपोर्ट आणि अंतर एवढंच त्याचं बळ. ज्याच्याकडं खुर्ची, संस्था आणि गोतावळा असतो, त्याला तर वेळ काढायला परदेशी जावंही लागत नाही.

फाइल बार्शीटाकळीत आली तर

आता आपल्या काल्पनिक तक्रारीची फाइल बार्शीटाकळीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं ठेवू. लोक इथं दोन गोष्टींची गल्लत करतात. गुन्हा करतानाच माणूस वेडा असेल तर तो गुन्हाच ठरत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ८४ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२ आहे. आपला बुढा त्या काळी पूर्ण शुद्धीवर होता, त्यामुळं ही पळवाट त्याला नाही. त्याचा मुद्दा वेगळा आहे: आज त्याला खटला समजत नाही. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६७ पासून पुढं एक अख्खं प्रकरण आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३२८ पासून होती.

तिथली वाट अशी. न्यायदंडाधिकाऱ्याला शंका आली तर आरोपीला जिल्हा शल्यचिकित्सकाकडं किंवा दुसऱ्या सरकारी डॉक्टरकडं तपासणीला पाठवायचं. पुढं मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं मत घ्यायचं. ते आरोपीला पटलं नाही तर त्यानं वैद्यकीय मंडळाकडं दाद मागायची, आणि त्या मंडळावर सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभागप्रमुख आणि वैद्यकीय महाविद्यालयाचा त्या विषयाचा अध्यापक असतो. आपल्यापुरतं बोलायचं तर अकोल्याचं 'सर्वोपचार', नाहीतर नागपूर. आरोपी आपला बचाव करू शकत नाही असं ठरलं, तर न्यायाधीश कागद पाहतात. सकृद्दर्शनी पुरावा नसेल तर आरोपीला सोडतात. पुरावा असेल तर उपचाराला लागेल तेवढ्या काळासाठी खटला तहकूब होतो.

अडचण या 'तहकूब'मध्ये आहे. वेड येतं, औषधानं उतरतं आणि माणूस पुन्हा पिंजऱ्यात उभा राहतो, असा हिशेब हा कायदा लिहिताना होता. काही मनोविकारांत तसं होतंही. स्मृतिभ्रंशाचं तसं नाही. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशी मरत जातात आणि मेलेली पेशी परत येत नाही. सकाळी काय खाल्लं ते आधी पुसलं जातं आणि तरुणपणीच्या आठवणी बऱ्याचदा शेवटपर्यंत तग धरतात. म्हणून म्हातारा १९८५ च्या निवडणुकीतली नावं घडाघडा सांगेल, तरीही खटल्याला नालायक ठरेल. कारण साक्षीदार आत्ता काय बोलला ते लक्षात ठेवून वकिलाच्या कानात सांगणं त्याला जमत नाही. अशा आरोपीसाठी तहकुबी म्हणजे मरेपर्यंतची तारीख. आणि आरोपी मेला की खटला संपला.

मूळ तत्त्व मात्र चुकीचं नाही. ज्याला आरोपच कळत नाही त्याच्यावर साक्षी घेत सुटणं म्हणजे हातपाय बांधलेल्याशी कुस्ती खेळणं. आरोप खोटाही असू शकतो, आणि तो खोटा आहे हे सांगायला लागणारी आठवणच त्या माणसाकडं उरलेली नसते.

लंडनमधले एकोणसाठ सेकंद

ब्रिटनमध्ये हा वाद सर्वांत जास्त पेटला तो ग्रेव्हिल जॅनर यांच्यामुळं. १९७० ते १९९७ लेस्टरचे खासदार, पुढं लॉर्ड. बालगृहांतल्या मुलांवर अत्याचार केल्याच्या आरोपात त्यांचं नाव १९९१ मध्येच उघड न्यायालयात घेतलं गेलं होतं. १९९१, २००२ आणि २००७ अशा तीनदा चौकश्या झाल्या, खटला एकदाही उभा राहिला नाही. २००९ मध्ये अल्झायमरचं निदान झालं. त्यानंतरही काही वर्षं ते लॉर्ड्स सभागृहात ये-जा करत होते. एप्रिल २०१५ मध्ये मुख्य सरकारी अभियोक्ता ॲलिसन सॉन्डर्स यांनी पुरावा पुरेसा असल्याचं सांगितलं, पण आजारामुळं खटला जनहिताचा नाही असं ठरवलं. ओरड झाली, फेरविचार झाला आणि दोन महिन्यांत निर्णय फिरला. ऑगस्टमध्ये जॅनर यांना न्यायालयात आणलं. ते तिथं जेमतेम एकोणसाठ सेकंद होते.

फेरविचार शक्य झाला, कारण तिथल्या कायद्यात आपल्याकडं नसलेली एक सोय आहे: वस्तुस्थितीची सुनावणी. आरोपी नालायक ठरला तरी ज्युरीपुढं पुरावा मांडायचा आणि एवढंच ठरवायचं, की ते कृत्य त्याच्या हातून घडलं की नाही. दोषी हा शब्द नाही, तुरुंग नाही. फार तर रुग्णालय, देखरेख किंवा सरळ सुटका. जॅनर यांच्यासाठी ही सुनावणी एप्रिल २०१६ मध्ये व्हायची होती. १९ डिसेंबर २०१५ रोजी ते वारले आणि ती बारगळली. कुटुंबानं आरोप नेहमीच फेटाळले. महिन्याभरानं निवृत्त न्यायाधीश रिचर्ड हेन्रिक्स यांचा अहवाल आला: १९९१ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये खटला भरण्याइतका पुरावा होता, संधी घालवली गेली.

म्हणजे ज्या वर्षी आरोपी ठणठणीत होता आणि वजनदारही, त्या वर्षी विसरली ती फाइल. माणूस नंतर विसरला.

वस्तुस्थितीच्या सुनावणीच्या या उपायाबाबत जगाचं एकमत नाही. रवांडातल्या १९९४ च्या नरसंहाराला पैसा पुरवल्याचा आरोप असलेला फेलिसियाँ काबुगा २०२३ मध्ये हेगला स्मृतिभ्रंशामुळं नालायक ठरला. तिथल्या न्यायाधीशांनी नुसती वस्तुस्थिती तपासायचा मार्ग सुचवला. अपील न्यायालयानं तो बेकायदा ठरवून कामकाज बेमुदत थांबवलं.

खुर्चीतून उठलेला हुकूमशहा

पुढचा प्रश्न गावकरी हमखास विचारतात: सोंग नसेल कशावरून? चिलीचा हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे १९९८ मध्ये लंडनला पकडला गेला. प्रकृतीच्या कारणावरून मार्च २००० मध्ये त्याला सोडलं. चाकाच्या खुर्चीतून तो सान्तियागोच्या विमानतळावर उतरला आणि जगाच्या कॅमेऱ्यांपुढं उठून चालू लागला. २००२ मध्ये चिलीच्या सर्वोच्च न्यायालयानंही स्मृतिभ्रंश मान्य करून खटला थांबवला. पुढच्या वर्षी त्यानं मायामीच्या एका वाहिनीला झकास मुलाखत दिली. ती पाहून न्यायाधीश हुआन गुस्मान यांनी २००४ मध्ये त्याला खटल्याला लायक ठरवलं. तरी २००६ मध्ये तो मेला तो एकाही शिक्षेविना.

यातून घ्यायचं ते असं, की एका दुपारच्या तपासणीवर आणि एका दाखल्यावर भिस्त ठेवू नये. स्मृतीच्या चाचणीत तीसपैकी किती गुण पडले, एवढ्यावर तर नाहीच. कमी शिकलेल्याला निरोगी असतानाही कमी गुण पडतात. मेंदूचं स्कॅनिंग, काही महिन्यांच्या अंतरानं पुन्हा तपासणी, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सांगणं आणि हे सगळं पडताळायला कागद. म्हाताऱ्यानं गेल्या वर्षी दुय्यम निबंधकापुढं खरेदीखतावर सही केली का? संस्थेच्या सभेच्या इतिवृत्तावर अध्यक्ष म्हणून कुणाची सही आहे? शेत विकताना शहाणा आणि समन्स आलं की भ्रमिष्ट, असं असेल तर दोन्हीपैकी एक कागद खोटा.

गरिबाची तहकुबी

याच कायद्याची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. आसामचा माचांग लालुंग हा गरीब आदिवासी १९५१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मारहाणीच्या गुन्ह्यात पकडला गेला. वेडा म्हणून तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवला. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो ठीक असल्याचं कळवलं. पण सोडण्याऐवजी त्याला तुरुंगात पाठवलं. २००५ मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो सुटला. चोपन्न वर्षं गेली, खटला चाललाच नाही. फातोर्ड्याचं प्रकरण लावून धरणाऱ्या शीला बारसे यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणं घटनाबाह्य ठरवलं होतं. अशा गाजलेल्या खटल्यांनंतर, २००९ च्या अखेरीस, वर सांगितलेल्या वैद्यकीय मंडळाची आणि जामिनाची सोय कायद्यात आली.

तहकुबी एकच, लालुंगसाठी ती कोठडी झाली, वजनदारासाठी ती घरचा आरामखुर्चीतला काळ होते.

मुदत आणि मार्ग

आपल्या बाईपुढं आणखी एक भिंत आहे. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि मागच्या गुन्ह्यांना तो लावता येत नाही. बलात्काराच्या गुन्ह्याला मुदत नाही. पण विनयभंगाला २०१३ पूर्वी कमाल दोन वर्षांची शिक्षा होती आणि अशा गुन्ह्याची दखल न्यायालयानं तीन वर्षांत घ्यायची असते. न्यायाच्या हितासाठी विलंब माफ करायचा अधिकार न्यायालयाला आहे; तो मागावा मात्र लागतो.

तरीही करण्याजोगं पुष्कळ आहे. तक्रार आली की त्याच आठवड्यात दंडाधिकाऱ्यापुढं जबाब नोंदवावा. म्हातारपण तक्रारदाराला आणि साक्षीदारालाही येतं. संस्थेची हजेरीपुस्तकं, दवाखान्याच्या नोंदी, जुने तक्रारअर्ज जप्त करावेत. माणसाचा मेंदू झिजतो, रजिस्टर सहसा वाळवी लागेपर्यंत टिकतं. संस्थेनं तेव्हा काय दडपलं, याची चौकशी एका माणसाच्या आजारावर अडत नाही. ब्रिटनच्या स्वतंत्र चौकशी आयोगानं जॅनर वारल्यावर, २०२१ मध्ये, पोलीस आणि अभियोक्त्यांच्या हलगर्जीवर अहवाल काढलाच.

आणि आपल्या संसदेनं एका विसंगतीकडं पाहावं. नव्या संहितेच्या कलम ३५६ नं घोषित फरारी आरोपीचा खटला त्याच्या गैरहजेरीत चालवून निकाल द्यायची मुभा दिली आहे. फरारी माणूस स्वतःहून पळतो आणि आजारी माणूस पळत नाही, हा फरक मोठा आहे. म्हणून आजाऱ्याला शिक्षा नकोच. पण त्याच्या वतीनं समर्थ वकील, पुराव्याची तीच कडक कसोटी आणि शेवटी 'घडलं' किंवा 'सिद्ध झालं नाही' एवढंच उत्तर, इतकी सोय करायला हरकत नसावी. आरोप खोटा असेल तर म्हाताऱ्याचं नावही तिथंच धुऊन निघेल.

तोवर आपल्या हातात ठाण्याचा उंबरठा आहे. 'जाऊ द्या ना बाप्पा' म्हणायचा हक्क फक्त त्या बाईचा. ती ठाण्यात आली आहे, याचा अर्थ तिनं अजून तसं म्हटलेलं नाही.