अकरा पौंड दहा शिलिंग

एप्रिल आला की चौकाचौकांतल्या फलकांवर एक यादी झळकते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. शाळेतल्या भाषणांत मुलं ती एका दमात म्हणून दाखवतात. यादी खरीच आहे. पण एका दमात म्हटली की वाटतं, पदव्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकामागून एक पायाखाली आल्या असतील. मला त्या यादीमागची जमाखर्चाची वही उघडावीशी वाटते. भीमराव आंबेडकर १९१३च्या जुलैत न्यूयॉर्कला उतरले तेव्हा बावीस वर्षांचे होते. १९२३च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले ते बॅरिस्टर होऊन, पण शेवटचा प्रबंध पुन्हा लिहायचा बाकी ठेवून. मधल्या या दहा वर्षांतली तीन वर्षं परदेशी शिक्षण बंद पडलं होतं. (तेव्हा ते बाबासाहेब झाले नव्हते, म्हणून या लेखापुरतं भीमरावच म्हणतो.)

वहीचं पहिलं पान मात्र न्यूयॉर्कचं नाही, परळच्या डबक चाळीतलं आहे. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ, त्यांचं पेन्शन आणि एक खोली. मुलाला पुस्तकांचा नाद. चरित्रकार धनंजय कीर सांगतात, हातात पैसा नसला की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जायचे, तिचा एखादा दागिना मागून आणायचे, तो गहाण टाकून पुस्तक घ्यायचे आणि पेन्शन आलं की सोडवून परत नेऊन द्यायचे. मुलगा लवकर झोपायचा, बाप रात्री दोनपर्यंत जागा राहून त्याला अभ्यासाला उठवायचा. शिक्षणासाठी कर्ज काढायची रीत आपल्याला आजची वाटते. या घरात ती मॅट्रिकच्याही आधीपासून होती.

मॅट्रिक १९०७ साली झाली. पुढं कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी या मुलाची गाठ महाराज सयाजीराव गायकवाडांशी घालून दिली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाल्यावर १९१३च्या जानेवारीत भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. नोकरी जेमतेम सुरू होते तोच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारीला रामजी गेले.

याच सुमारास सयाजीराव काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवायच्या विचारात होते. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी संस्थानच्या शिक्षणखात्यापुढं करारावर सही केली. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड, म्हणजे अकरा पौंड दहा शिलिंग. ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. तीन वर्षांच्या शिक्षणापोटी दहा वर्षांचं बंधन! आज सरकारी पैशानं शिकणाऱ्या मुलांना हमीपत्राची भीती वाटते. त्यांच्या या पूर्वजानं केवढी मोठी सही केली होती ते पाहावं.

रुपया तेव्हा एक शिलिंग चार पेन्सवर बांधलेला होता, पौंडाला पंधरा रुपये. म्हणजे शिष्यवृत्ती महिन्याला १७२ रुपये ८ आणे झाली. मुंबईत ती श्रीमंती ठरली असती. न्यूयॉर्कमध्ये तिचे छप्पन्न डॉलर होत. सुरुवातीचे काही दिवस हार्टले हॉल या वसतिगृहात गेले. तिथलं जेवण, त्यातलं गोमांस मानवेना, म्हणून भीमराव कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहायला गेले. तिथं नवल भथेना हा पारशी तरुण खोलीत सोबती मिळाला. वहीत हे नाव पुढं पुन्हा येणार आहे. कीर यांनी त्या काळच्या जेवणाचाही हिशोब दिला आहे: कॉफीचा एक कप, दोन मफिन, मांसाची किंवा माशांची एक बशी, दिवसाला सरासरी एक डॉलर दहा सेंट. छप्पन्नातले तेहेतीस डॉलर पोटालाच गेले. उरलेल्यातून मुंबईला पत्नी रमाबाईंना काही पाठवायचं आणि तरीही जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शिरायचं. या दुसऱ्या सवयीपायी तीन वर्षांत दोनेक हजार पुस्तकं जमली. छप्पन्न डॉलरांत ही पुस्तकं कशी बसवली, याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. जेवण किती वेळा चुकलं असेल, याचा अंदाज तेवढा येतो.

कोलंबियाच्या नोंदींत अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम आहेत. त्यांखेरीज इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, शिवाय थोडं फ्रेंच आणि जर्मन. शिकवायला अर्थशास्त्रात एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई. ड्यूईंच्या विचारांचा प्रभाव पुढं आयुष्यभर राहिला, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ९ मे १९१६ला मानववंशशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भीमरावांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीची भिंत टिकते ती जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमानं, हा त्याचा गाभा. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं वर्गात वाचलेला निबंध शंभर वर्षांनंतरही अभ्यासक्रमात असतो, असं फार वेळा घडत नाही.

एम.ए. १९१५ साली झालं. पीएच.डी.साठीचा प्रबंधही १९१६च्या जूनमध्ये देऊन झाला. पण त्या वेळी नियम असा होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी हातात पडत नसे. छपाईला पैसे लागतात, म्हणून यादीतली ‘पीएच.डी.’ ही तीन अक्षरं रीतसर मिळायला १९२७ साल उजाडावं लागलं.

१९१६च्या ऑक्टोबरात लंडन. इकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, तिकडे वकिलीसाठी ग्रेज इन, असा दुहेरी प्रवेश घेतला. मुदत वर्षानं वाढवून मिळाली, ती १९१७च्या उन्हाळ्यात संपली आणि बडोद्याच्या दिवाणांचं परतीचं बोलावणं आलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी तेवढी त्यांनी खिशात ठेवली.

पहिलं महायुद्ध चालू होतं आणि समुद्र सुरक्षित नव्हता. भीमरावांनी पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं आणि स्वतः फ्रान्समार्गे मार्सेयला जाऊन ‘कैसर-ए-हिंद’ ही बोट धरली. पाणबुडीनं एक बोट बुडवल्याची बातमी आल्यावर घरच्यांच्या जिवाचं पाणी झालं. ती बोट सामानाची निघाली. २१ ऑगस्ट १९१७ला माणूस सुखरूप मुंबईला पोचला. पुस्तकं मात्र समुद्राच्या तळाशी गेली. सामानाचा विमा होता, त्याची भरपाई मिळाली, आणि त्याच पैशांतून बडोद्याला नोकरीवर जाण्याचा खर्च निघाला. पोट मारून घेतलेल्या ग्रंथांचं शेवटी काय झालं, तर रेल्वेचं तिकीट.

आणि बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. ही हकीगत त्यांनी स्वतःच पुढं आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. हिंदू खाणावळ दारात उभं करणार नव्हती, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. रोजचं भाडं दीड रुपया, सोबतीला अंधारा, ओस दिवाणखाना. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेली पारशी माणसं जिन्यानं वर आली. संध्याकाळपर्यंत खोली सोडायची! दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, सोय झाली नाही. कामाठीबागेत तासन्‌तास बसून शेवटी रात्रीच्या गाडीनं त्यांनी मुंबई गाठली. कोलंबियाच्या ग्रंथालयात कुठंही बसणाऱ्या माणसाला आपल्याच देशात टेकायला बागेतलं बाक उरलं होतं. त्या दहा वर्षांच्या करारातल्या नोकरीचा हा असा शेवट.

मुंबईत सिडनॅम कॉलेजात १९१८च्या नोव्हेंबरपासून राजकीय अर्थशास्त्राची प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. एवढा पगार असून संसार मात्र परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या खोल्यांत काटकसरीनंच चालला, कारण प्रत्येक महिन्याला काही ना काही लंडनसाठी बाजूला पडत होतं. याच काळात, १९२०च्या ३१ जानेवारीला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीनं ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये भीमरावांनी प्राध्यापकी सोडली. साठवलेले पैसे, शाहू महाराजांचा हातभार आणि नवल भथेनांकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये बांधून जुलैत ते पुन्हा बोटीवर चढले. या वेळी ना संस्थानची शिष्यवृत्ती होती, ना करार.

लंडनमधल्या या दुसऱ्या मुक्कामाच्या कथा मराठी वाचकाला पाठ आहेत: घरमालकिणीची हात आखडून दिलेली न्याहारी, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडताना जाणं आणि बंद होताना उठणं, रात्री भूक लागली की ओळखीच्यानं दिलेले पापड भाजून चहाबरोबर खाणं. पापडांची गोष्ट आपण फार गोडवून सांगतो. मला त्यापेक्षा एक कमी सांगितली जाणारी गोष्ट महत्त्वाची वाटते, ती रुपयाच्या भावाची.

महायुद्धानंतर चांदी महागली आणि रुपया उसळला. १९२०च्या आरंभी तो दोन शिलिंगांच्याही वर गेला. भीमराव निघाले तेव्हा सरकार त्याला दोन शिलिंगांवर धरून ठेवू पाहत होतं. ते साधलं नाही. १९२१ सालात रुपया एक शिलिंग तीन पेन्सपर्यंत कोसळला. आता आकडेमोड करून पाहा. पाच हजार रुपयांचे दोन शिलिंगांच्या भावानं पाचशे पौंड होतात. एक शिलिंग तीन पेन्सच्या भावानं ३१२ पौंड १० शिलिंग. हिंदुस्थानातून रुपयांत पैसे मागवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचं अंदाजपत्रक वर्षभरात असं तुटून पडलं. १९२१च्या सप्टेंबरात भीमरावांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले, शंभर वकिलीच्या फीसाठी आणि शंभर घरी परतण्यासाठी.

आणि हाच विद्यार्थी दिवसभर वाचनालयात बसून प्रबंध लिहीत होता. विषय होता ‘रुपयाचा प्रश्न’. रुपयाची किंमत कुणाच्या हातात असावी? १९१३ साली, कराराच्याच वर्षी, जॉन मेनार्ड केन्सचं भारतीय चलनावरचं पुस्तक आलं होतं. सुवर्ण विनिमय पद्धतीची त्यानं तरफदारी केली होती. भीमरावांनी प्रबंधात नेमकं त्याच्या उलट मांडलं: या पद्धतीत सरकारला चलन हवं तसं वाढवता येतं, किमती चढतात आणि भुर्दंड बसतो तो गरिबाला. रिझर्व्ह बँकेचा आराखडा या ग्रंथातून आला, असं आजकाल सर्रास लिहिलं जातं. ग्रंथ उघडून पाहिला तर त्याचा रोख बँक काढण्याकडे नाही. चलन काढणाऱ्याच्या मर्जीलाच मर्यादा घाला, रुपयाच्या निर्मितीला पक्की सीमा आखा, हा त्याचा आग्रह आहे. ज्याचे पाचशे पौंडांचे तीनशे होताना समोर दिसत होते, त्यानं हे लिहावं, हा मला योगायोग वाटत नाही. पण हा माझा तर्क, त्यांनी तसं म्हटलेलं नाही.

१९२१च्या जूनमध्ये एम.एस्सी. झाली. २८ जून १९२२ला बॅरिस्टरीची सनद मिळाली. ते ऐकायला शाहू महाराज नव्हते, ६ मेला त्यांचं निधन झालं होतं. मधे जर्मनीत बॉन विद्यापीठातही भीमरावांनी नाव घातलं होतं, पण ते शिक्षण पुढं गेलं नाही. डी.एस्सी.चा प्रबंध ऑक्टोबरात दिला. १९२३च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणायला सांगितलं. साम्राज्याच्या कारभारावरची टीका त्यांना बोचली असावी. तोवर पैसे संपले होते. लंडनमध्ये बसून पुन्हा लिहिणं परवडणारं नव्हतं, म्हणून एप्रिलमध्ये मुंबईला परत येऊन भीमरावांनी प्रबंध नव्यानं लिहिला. निष्कर्ष तेच ठेवले. ऑगस्टमध्ये तो लंडनला रवाना केला आणि नोव्हेंबरात पदवी मंजूर झाली. परदेशी शिक्षणातली सगळ्यात मोठी पदवी अशी परळच्या चाळीत बसून पुरी झाली. वर्षअखेरीस ग्रंथ लंडनमध्ये छापला गेला. त्याला त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. शिष्याची बरीच मतं आपल्याला पटत नाहीत, हे त्यांनी तीत मोकळेपणानं लिहिलं आहे.

लंडनमध्ये ज्या घरात ते राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. तिथं जाणारे लोक खोली पाहतात, फोटो काढतात. मला विचाराल तर वही वाचायची जागा ती नव्हे. पुस्तकांच्या अर्पणपत्रिका वाचाव्यात. ‘रुपयाचा प्रश्न’ आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण आहे, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या त्यागाबद्दल. अमेरिकेतल्या डॉक्टरेटसाठी १९२५ साली छापलेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ सयाजीराव गायकवाडांना अर्पण आहे, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल. तिसरी नोंद व्हायला बराच उशीर लागला. रमाबाई १९३५ साली गेल्या. पाकिस्तानच्या प्रश्नावरचं पुस्तक १९४०च्या अखेरीस आलं, ते ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केलेलं आहे, टंचाईच्या आणि काळजीच्या त्या दिवसांत तिनं सोबतीनं सोसलं म्हणून.