बरा होणारा राजा

फ्रान्सच्या सहाव्या शार्लचं नाव निघालं की काचेची गोष्ट निघतेच. आपलं अंग काचेचं आहे, धक्का लागला तर फुटेल, या भयाने तो कपड्यांत लोखंडी पट्ट्या घालत असे, असं पोप दुसऱ्या पायसने लिहून ठेवलं. पण १४२२ मध्ये शार्ल वारला तेव्हा हा भावी पोप इटलीत सतरा वर्षांचा होता. त्याची गोष्ट ऐकीव. सेंट डेनी मठातला मिशेल पँत्वाँ मात्र पॅरिसच्या उशाशी बसून त्याच काळात इतिवृत्त लिहीत होता, आणि त्याने नोंदलेला राजा कितीतरी अधिक करुण आहे. मी राजा नाही, माझं नाव जॉर्ज, असं तो म्हणे. राणी इझाबोला ओळखत नसे. स्वतःचं राजचिन्ह दिसेल तिथे पुसू पाही. या इतिवृत्तात आणखी एक गोष्ट पुन्हापुन्हा येते, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं: राजा बरा होतो. फ्रान्सचा घात त्याच्या आजारापेक्षा या अधूनमधून बरं होण्याने अधिक केला, असं माझं मत आहे.

५ ऑगस्ट १३९२ रोजी ले माँच्या रानात त्याने स्वतःच्याच माणसांवर तलवार उपसून काहींना ठार केलं. तिथून तीस वर्षं झटके येत राहिले आणि ओसरत राहिले. शुद्धीवर असलेला शार्ल अभिषिक्त, सज्ञान राजा होता. त्याच्या मुद्रेपुढे कुणाचं चालत नसे. आजारात कारभार काका आणि भाऊ पाहत, पण राजा उद्या उठून बसेल या शक्यतेमुळे पूर्ण अधिकार कुणालाच मिळेना. मग राजाजवळ कोण पोहोचतो, यावर राज्य ठरू लागलं. नोव्हेंबर १४०७ मध्ये बर्गंडीच्या जाँने राजाचा सख्खा भाऊ लुई याला मारेकरी घालून पॅरिसच्या रस्त्यात मारलं. मार्च १४०८ मध्ये राजाच्या नावाने जाँला माफी मिळाली. जाँ पॅरिसबाहेर गेल्यावर त्याच वर्षी ती रद्द झाली. मार्च १४०९ मध्ये शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा माफी! १४१२ मध्ये हाच राजा बर्गंडीच्या बाजूने बूर्जला वेढा घालून बसला, आणि १४१४ मध्ये बर्गंडीविरुद्ध अरासला. याला लहरीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. स्मृतीत एवढी भगदाडं पडलेल्या माणसाला समोरच्याच्या शब्दावर विसंबण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

यावर आक्षेप येईल की दोष राजपुत्रांच्या हावरेपणाचा होता. हावरेपणा होताच. पण १३८० मध्ये शार्ल गादीवर आला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता; हेच काका आठ वर्षं कारभारी होते, त्यांनी खजिना हवा तसा उपसला, तरी एकमेकांवर सैन्य घातलं नाही, कारण अधिकार कुणाचा आणि कधीपर्यंत हे ठाऊक होतं. दुसरा पुरावा शार्लच्या नातवाचा, इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीचा. ऑगस्ट १४५३ मध्ये तो असा निःशब्द झाला की नवजात मुलगा समोर आणला तरी ओळख दाखवेना. आजार इतका निर्विवाद होता, म्हणूनच मार्च १४५४ मध्ये यॉर्कच्या ड्यूकला संरक्षक नेमता आलं. नाताळात हेन्री सावरला, यॉर्कचं पद गेलं, आणि २२ मे १४५५ रोजी सेंट ऑल्बन्सला रक्त सांडलं.

फ्रान्समध्ये राजाच्या हयातीभरासाठी राजप्रतिनिधी नेमण्याचं काम अखेर १४२० च्या त्र्वाच्या तहाने केलं. शार्लच्या मुलाला वारसाहक्कातून वगळून ते पद, आणि पुढे गादीही, ज्याला द्यायचं ठरलं तो इंग्लंडचा पाचवा हेन्री होता.