खुरपे की कोळपे? जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न जिवाशी का जोडला गेलाय

परसातली भाजी असो की पाच-दहा गुंठ्यांचा मळा, तण काढायचे म्हटले की हात आधी खुरप्याकडे जातो. खुरपे स्वस्त, हलके आणि आठवडे बाजारात सहज मिळणारे. त्याची एकच अट असते, जमिनीवर बसावे लागते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हीच अट आता धास्तीची झाली आहे. कारण आहे बिबट्या.

बसलेल्या माणसाला जास्त धोका का?

माणिकडोह, येडगाव, डिंभे अशा धरणांचे पाणी शिवारात आले आणि ऊस वाढला. उसाच्या दाट फडात बिबट्याला आडोसा मिळतो, तर जवळच्या वस्तीवर कुत्री आणि शेळ्या मिळतात. बिबट्याची मादी उसातच पिल्ले देते.

बिबट्या सहसा लहान किंवा मध्यम आकाराचे भक्ष्य पकडतो. ताठ उभा माणूस त्याला तसा वाटत नाही. पण उकिडवा बसलेला किंवा कमरेत वाकलेला माणूस मागून शेळीएवढाच दिसतो आणि त्याची मान बिबट्याच्या टप्प्यात येते. खुरपणी बहुतेक ठिकाणी बायकाच करतात, त्यामुळे हा धोकाही जास्त त्यांच्याच वाट्याला येतो. २०२५ च्या अखेरीस शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात महिला गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या, ते याच भीतीने.

पट्ट्याचा उपयोग झालाच तर हल्ल्याच्या वेळी. मुळात शेतात बसण्याचा वेळच कमी करायचा असेल, तर अवजार बदलावे लागते.

उभ्याने चालणारी अवजारे

सायकल कोळपे : पुढे चाक, मागे पाते आणि हातात दांडा. ढकलत चालायचे. दोन ओळींमध्ये १५-२० सेंमीचे पाते सहज फिरत असेल, तर ते खुरप्यापेक्षा कितीतरी लवकर काम उरकते. भेंडी, वांगी, मिरची, कोबी यांच्या ओळींत ते चांगले चालते.

लांब दांड्याचे हात कोळपे : याला चाक नसते, पाते ओढून तण कापायचे. चार-सहा वाफ्यांच्या परसबागेला एवढे पुरते. दातेरी पात्याचे घेतले तर वरची कडक झालेली मातीही फुटते.

कुदळ : हरळी आणि लव्हाळ्यासाठी. ही तणे वरून कापली तरी जमिनीतल्या मुळांतून किंवा गाठींतून पुन्हा फुटतात. ती खणून, वेचून शेताबाहेर टाकावी लागतात. मात्र कुदळ चालवताना वाकावे लागतेच.

विकत घेताना काय पाहायचे?

दुकानातच दांडा हातात धरून दोन पावले चालून पाहा. पाठ वाकत असेल तर दांडा आखूड आहे. अवजार जिला वापरायचे आहे, तिनेच ते निवडावे. पुरुषाच्या उंचीने घेतलेले जड कोळपे शेवटी गोठ्यात पडून राहते. पाते ओळींमधल्या अंतरापेक्षा बरेच अरुंद हवे, नाहीतर पिकाची मुळे तुटतात. पात्याला धार काढता येते का आणि ते बदलता येते का, हेही विचारा.

कोळपे चालते ते वाफशावर. चिखलात ते माखते आणि वाळलेल्या कडक मातीवरून घसरते. तण दोन-तीन पानांवर असतानाच फिरवले तर ते लगेच मरते. गुडघाभर वाढले की पुन्हा खुरपे घेऊन बसावे लागते.

मग खुरपे टाकून द्यायचे?

नाही. कांद्याच्या दोन ओळींत साधारण १५ सेंमीचेच अंतर असते, तिथे सायकल कोळपे जात नाही. फेकून पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीतही नाही. रोपाच्या बुंध्याजवळचे तण तर खुरप्यानेच निघते. म्हणून विचार लागवडीच्या आधी करावा. भाजी ओळीत लावली आणि ओळींमध्ये कोळप्यापुरती जागा ठेवली, तर खुरप्याचे काम बुंध्यापुरतेच उरते.

तेवढे काम करताना एकटीने बसू नये. चार-पाच जणींनी जवळजवळ पाती धराव्यात आणि एकीने उसाकडे तोंड करून उभे राहावे. उसाच्या कडेची खुरपणी भर उजेडात उरकावी, दिवस कलण्याआधी बाहेर पडावे. मोबाईलवर गाणी किंवा मोठ्याने गप्पा चालू असाव्यात. लहान मुलाला बांधावर एकटे बसवू नये. बिबट्या दिसला तर पळू नये, खाली वाकू नये. हात वर करून आरडाओरडा करत, त्याला पाठ न दाखवता मागे सरकावे आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावे.

लांब दांड्याचे कोळपे हे काही बिबट्यापासूनचे कवच नव्हे. पण त्यामुळे उसाच्या कडेला पाठ वाकवून बसण्याचे तास नक्की कमी होतात. शिवाय कंबर आणि गुडघ्यांनाही तेवढाच आराम मिळतो.