वस्तऱ्याचा निसणा

वस्तऱ्याच्या पात्याला धार लावून झाल्यावर ती दाढीस योग्य इतकी सूक्ष्म व गुळगुळीत करण्यासाठी शेवटी वापरण्यात येणारा अतिसूक्ष्मकणी दगड. त्यास पथरी असेही म्हणतात. धार मुळातून तयार करणे हे त्याचे काम नव्हे. ते अगोदर भरड व मध्यम दगडांवर उरकावे लागते. अंतिम निसण्यावर फक्त आधीच्या दगडाने पाडलेले ओरखडे नाहीसे केले जातात. बोथट किंवा खाचा पडलेला वस्तरा त्यावर तासभर घासला तरी लागत नाही आणि दोष मात्र पुष्कळदा दगडाला दिला जातो.

घडीच्या वस्तऱ्याचे पाते पाठीकडे जाड असून त्याच्या बाजू बहुधा खोलगट घासलेल्या असतात. पाते दगडावर आडवे ठेवले असता पाठ व धार एकाच वेळी टेकतात आणि धारेचा कोन आपोआप ठरतो. तो सामान्यतः १५° ते १८° असतो. इतक्या पातळ कडेला भरड कणांमुळे दाते पडतात. भाजी चिरण्याच्या सुरीला असे दाते थोडेफार उपकारकच ठरतात. दाढी करताना मात्र ते केसाबरोबर त्वचेचा पापुद्राही ओरबाडतात.

नैसर्गिक निसण्यांत बेल्जियममधील आर्देन प्रदेशातील व्ह्येल्साल्मच्या परिसरात सापडणारा पिवळसर ‘कोतिक्यूल’ दगड विशेष प्रसिद्ध आहे. त्यात गार्नेटाचे ५ ते २० मायक्रॉन (१ मायक्रॉन = ०·००१ मिमी.) आकारमानाचे कण अभ्रकवर्गीय मृदू खनिजांत रुतलेले असतात. हे कण बहुफलकी व गोलसर असल्याने त्यांच्या आकारमानाच्या मानाने ओरखडे पुष्कळच उथळ पडतात. या दगडाचे थर पातळ असल्यामुळे लादीला खाली पाटीच्या दगडाची जोड देतात. जर्मनीतील थुरिंजियाचे पाटीवर्गीय दगड, जपानमधील क्योटो परिसरातील सिलिकामय दगड व अमेरिकेतील आर्‌कॅन्सॉ राज्यातील सूक्ष्म क्वॉर्ट्‌झाचे ‘नोव्हॅक्युलाइट’ हेही याच कामाचे आहेत. क्योटोकडील बहुतेक खाणी बंद झाल्याने तेथील चांगल्या दगडांची किंमत फार चढली आहे.

कृत्रिम निसणे ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड यांच्या कणांपासून बनवितात व ते क्रमांकाने ओळखले जातात. जपानी मानकानुसार ८,००० क्रमांकाच्या दगडातील कण सरासरी सु. १·२ मायक्रॉन असतात. जपानी, यूरोपीय व अमेरिकन क्रमांकपद्धती भिन्न असल्याने केवळ आकड्यांची तुलना फसवी ठरते. नैसर्गिक दगडाला तर क्रमांक लावणेच व्यर्थ होय. कारण त्याचे कार्य कणांच्या आकारमानाइतकेच त्यांच्या घडणीवर व बंधक द्रव्यावर अवलंबून असते. नवशिक्यास कृत्रिम दगड अधिक सोयीचा, कारण त्याचा गुण लादीगणिक बदलत नाही. नैसर्गिक दगड घेताना त्यात कठीण शिरा, भेगा व खडे नाहीत हे पाहावे. बोटाला न जाणवणारा एखादा कणही संपूर्ण धार बिघडवू शकतो.

निसण्याचा पृष्ठभाग पूर्णपणे सपाट असावा लागतो. झिजून मध्ये खोलगट झाल्यास तो काचेवर ठेवलेल्या घासकागदावर पाणी घालून घासतात. कोतिक्यूलवर प्रथम त्याच्याच तुकड्याने थोडा गाळ काढून पाते फिरवितात, मग पाणी वाढवीत तो विरळ करतात व शेवटचे फेरे निव्वळ पाण्यावर देतात. आर्‌कॅन्सॉ दगडावर बहुधा तेल वापरतात. फेरा धार पुढे ठेवून, हलक्या हाताने, टाचेपासून टोकापर्यंत तिरपा देतात व परतताना पाते पाठीवर उलटवितात. दाब वाढविल्यास कडा लवते आणि तिचा अतिपातळ पापुद्रा तुटून पडतो. नखावर धार पाहण्याची जुनी रीत धारेलाच अपाय करते. सुटा केस कडेवर सहज तुटतो का हे पाहणे बरे. त्यानंतर पाते चामोटीवर उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून, फिरवितात.

महाराष्ट्रात नाभिकांच्या धोकटीत वस्तरा, निसणा व चामोटी ही एकत्र असत. रक्तातून पसरणाऱ्या यकृतशोथ व एड्‌स यांसारख्या रोगांच्या भीतीने विसाव्या शतकाच्या अखेरीपासून केशकर्तनालयांत पाते बदलता येणारे वस्तरे रूढ झाले. त्यांना निसण्याची गरज नसते. त्याचा उपयोग आता मुख्यतः घरी जुन्या पद्धतीच्या वस्तऱ्याने दाढी करणाऱ्यांपुरता उरला आहे.