करंड्याचा कळस

सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या मुळशीत आषाढ-श्रावण म्हणजे लाकडी वस्तूंची कसोटी होय. ताम्हिणीच्या बाजूने येणारा पाऊस आठवडेच्या आठवडे हटत नाही, दारे चौकटीत अडकतात, आणि देवघरातील कातीव करंड्याचे झाकण, जे वैशाखात दोन बोटांनी अलगद निघत असे, ते हट्टाने बसून राहते. अशा वेळी झाकणावरचा कळस हा निव्वळ अलंकार राहत नाही. चिमटीत धरून जोर लावायचा तो त्यालाच. म्हणूनच कळसाच्या सौंदर्याचा विचार हाताला वगळून करता येत नाही, आणि मला या लेखात मुख्यतः तेच मांडावयाचे आहे.

महाराष्ट्रात या कातकामाचे नाव निघाले की सावंतवाडीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. लाखकाम, लाकडी खेळणी आणि गंजिफा या कला तेथे संस्थानाच्या आश्रयाने वाढल्या. पुढे तो आश्रय आटला, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी खुद्द राजवाड्यात कारागिरांना जागा देऊन हा हुन्नर सावरला. चितारआळीतील दुकाने आजही त्याची साक्ष देतात. कातारी फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगावर पसरते, आणि केवड्याच्या पानाने ती घोटली की झळाळी येते.

कळसाची घडण समजून घ्यायची तर आपल्या शिखरशास्त्राइतका उत्तम गुरू नाही. नागर पद्धतीच्या देवळात शिखराचा माथा आला की एकदम टोक काढीत नाहीत. आधी आकुंचित ग्रीवा, तिच्यावर पसरट आमलक, त्यावर कलश, आणि सर्वांच्या वर बीजपूरक, असा तो क्रम असतो. या क्रमात दृष्टी आधी आत खेचली जाते, मग बाहेर विस्तारते आणि शेवटी हळूहळू निमुळती होत आकाशात विरते. करंड्यावरही हीच गती हवी. झाकणाचा उतार जेथे संपतो तेथे गलता, म्हणजे अंतर्वक्र खोबण, तिच्यावर गोला, मग लांबट, वर बारीक होत जाणारा दांडा, आणि टोकाला लहानसा थेंब. यांतील कोणतेही दोन भाग सारख्या उंचीचे असू नयेत. समान तुकडे एकमेकांवर रचले की डोळा प्रत्येकाशी अडखळतो आणि कळस मण्यांच्या उतरंडीसारखा दिसतो.

प्रमाणाच्या बाबतीत १.६१८ या सुवर्णगुणोत्तराचा पुष्कळ बोलबाला आहे. आरंभीचा अंदाज म्हणून ते वाईट नाही. परंतु त्याच्या हवाली सगळा कारभार करणे मला मान्य नाही. बारा सेंटिमीटर उंचीच्या करंड्यावर चार सेंटिमीटरांचा कळस बहुधा शोभतो, पण पोट बैठे असेल तर तोच खुजा वाटतो, आणि अंग सडपातळ असेल तर अवजड. खरी कसोटी रेषेची आहे: पोटापासून निघालेली वक्ररेषा झाकणावरून चढत गेली पाहिजे आणि कळसात तिचा शेवट झाला पाहिजे, कळस उचलून दुसऱ्या झाकणावर ठेवला आणि काहीच बिघडले नाही, तर तो या पात्राचा नव्हताच. यासाठी संपूर्ण आकाराची छायाकृती काळ्या कागदातून कापून भिंतीवर लावावी व चार पावले मागे जाऊन पाहावी. रंग आणि पोत नाहीसे झाल्यावर प्रमाणातील तफावत लपत नाही. लाखकाम करावयाचे असल्यास आणखी एक दक्षता हवी: लाखेचा थर बारीक कंगोरे बुजवतो, म्हणून ते मुळातच अधिक ठसठशीत काढावे लागतात.

आता लाकूड. कळसाचे तंतू उभे, त्याच्या लांबीच्याच दिशेने असले पाहिजेत. आडव्या तंतूचा बारीक दांडा पहिल्याच झटक्याला मोडतो. कातताना टोक आधी पुरे करावे आणि बुडाकडे सरकत यावे, कारण बूड जाड असेतोवरच टोकाला आधार असतो. एकदा मान बारीक झाली की पुन्हा टोकाकडे वळता येत नाही. इंग्रज कारागीर-लेखक डेव्हिड पाय याने १९६८ च्या आपल्या ग्रंथात, ज्या कामाचे फळ अखेरच्या क्षणापर्यंत हाताच्या सावधपणावर अवलंबून असते, त्याला जोखमीची कारागिरी असे म्हटले आहे. त्याचे याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही.

झाकण का अडकते, याचेही उत्तर तंतूंतच आहे. ओला सागवान पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळकड्यांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, त्रिज्येच्या दिशेने मात्र सुमारे २.५ टक्केच, म्हणून गोल कातलेले तोंड सुकताना किंचित लंबगोल होते आणि पावसाळ्यात दमट हवा शोषून पुन्हा फुगते. कच्चे लाकूड वापरले तर हा दोष कोणताही कळस झाकू शकत नाही. आधी ओबडधोबड कातून, महिनोन्महिने सुकवून, मगच अंतिम आकार द्यावा.

पाश्चात्य प्रदर्शनांत सुईसारखे उंच कळस दिसतात. त्यांतील कौशल्य निर्विवाद आहे, परंतु ते कपाटाच्या काचेआड ठेवण्यासाठी आहेत. रोज कुंकू लावणाऱ्या घरातील कळसाची मान चिमटीत मावावी, गोल्याखाली बोटांना आधार मिळावा आणि टोक टोचू नये. चितारआळीत करंडा घ्याल तेव्हा रंगावर नजर ठरण्यापूर्वी त्याचे झाकण कळसाला धरून उघडा, थोडे फिरवून पुन्हा बसवा, हाताच्या अंतरावर धरून त्याची रेषा पाहा. आणि ती मनास आली, तर कातारी सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्या.