मणक्याला सिमेंटचा टेकू

मी डॉक्टर नव्हे. ओझ्याने वाकलेल्या पाठी मात्र जन्मभर पाहत आलो. कर्करोगाची गाठ मणका पोखरते, तेव्हा तो भाराने खचतो. कूस पालटणेही जिवावर येते. १९८४ साली फ्रान्समध्ये गालिबेर व देरामाँ यांनी रक्तवाहिन्यांच्या गाठीने पोखरलेल्या मणक्यात सुईवाटे सिमेंट भरले. हे गवंड्याचे सिमेंट नव्हे. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत भरलेला ॲक्रिलिकचा लगदा काही मिनिटांत घट्ट होतो. मणक्याला टेकू मिळतो, वेदना पुष्कळदा ओसरते. गाठ मात्र त्याने जात नाही. कर्करोगावर औषधे, किरणोपचार हवेतच. लगदा मज्जारज्जूकडे झिरपण्याचा धोकाही असतो. म्हणून रात्रीही न थांबणारी पाठदुखी ‘ओझ्याची’ म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. गाठच निघाली, तर आपल्या नागपुरातच तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे.