एमएसचे रुग्ण आळशी नाहीत. विहाराचे दार त्यांच्यासाठी सकाळी उघडू या

सून सकाळी स्वयंपाक करते, पण दुपारी तिला पाण्याची कळशीही उचलवत नाही. घरचे म्हणतात, नाटके करते. शेजारचे म्हणतात, बाहेरची बाधा आहे, भगताकडे न्या. अशा वेळी हा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, असू शकतो हे फार थोड्यांना ठाऊक असते.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच मेंदूतील आणि मज्जारज्जूतील नसांचे आवरण खाते. मोटारीच्या वायरीवरचे प्लास्टिक निघाले की करंट नीट पोहोचत नाही, तसे होते. डोळ्यांपुढे धूसर दिसते, पायांना मुंग्या येतात, तोल जातो, प्रचंड थकवा येतो. बहुधा २० ते ४० वयात सुरू होणारा हा आजार स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. तो संसर्गजन्य नाही आणि करणीही नाही.

अंग तापले की त्रास तात्पुरता वाढतो. फैजपूर-यावल-रावेर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा दुपारी पाय न उचलणे हा आळस नसतो.

पूर्वी डॉक्टर अशा रुग्णांना केवळ आराम सांगत. आता व्यायाम हा पुनर्वसनाचा भाग मानला जातो. त्याने आजार बरा होत नाही आणि औषधेही सुटत नाहीत, पण ताकद, तोल आणि मन सावरते, थकवा कमी होतो. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास झेपेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचे व्यायाम सुचवले जातात.

मग गटाने का? घरी एकट्याला पडण्याची भीती वाटते आणि चार दिवसांत व्यायाम सुटतो. गटात हात धरायला माणूस असतो, आणि 'मी एकटीच अशी नाही' हे कळते.

एका गावात एमएसचे रुग्ण एक-दोनच असतील. म्हणून लकवा, कंपवात झालेल्यांनाही सोबत घ्यावे. प्रत्येकाला काय झेपते ते फिजिओथेरपिस्टकडून आधी ठरवून घ्यावे. विहारात सकाळी ऊन चढण्याआधी बसावे. खुर्च्या, थंड पाणी, मानेवर ओला रुमाल आणि मध्ये विश्रांती, एवढे पुरे. नवा झटका आला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम नको.

हक्काचेही बोलू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एमएस आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर आरक्षण व योजनांचे दार उघडते. १९८५ पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया मुंबई-पुण्यात आहे. खान्देशातील तरुणांनी तिच्याशी संपर्क साधावा.

स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून खाटेवर निजवले, असे विनयपिटकाच्या महावग्गात आहे. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकले नव्हते, म्हणून. आपले विहार वंदनेनंतर कुलूपबंद राहतात. त्यातला आठवड्यातून दोनदा एक तास आपण देऊ शकत नाही का?

जयभीम! नमो बुद्धाय!